गाडीचा सडका खूर

ट्रकच्या हौद्याच्या फळ्या उचकटल्या आणि वास सुटला.

तसा त्या ट्रकला वास कायमचाच. शिवकन्या लग्न होऊन या घरात आली तेव्हा नवऱ्याचा स्वभाव कळायच्या आधी, सासूचं बोलणं कळायच्या आधी तिला गाडीचा वास कळला होता. नवऱ्याचा, सोमनाथचा ट्रक मेंढरं वाहायचा. घरची मेंढरं तर होतीच, पण मांजरसुंब्याच्या आसपासचे सगळे धनगर आपापली मेंढरं-बोकडं त्याच्याच गाडीत घालून बाजाराला न्यायचे. मेंढरं गाडीत चढवली की भेदरतात, आणि भेदरली की मुततात. ते मूत फळ्यांच्या फटींतून झिरपायचं ते थेट खाली चेसीवर, म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी गर्डरांवर अख्खी गाडी उभी असते त्यांच्यावर. वरून गाडी नवरीसारखी. रेशमी गोंडे, आरशाचे तुकडे, कपाळावर मोठ्या अक्षरात 'बिरोबा प्रसन्न'. खालून मात्र आजवर कुणी वाकून बघितलं नव्हतं.

"नवरीच्या परकराखाली कोण बघतंय?" शहादेव मिस्त्री म्हणाला आणि स्वतःच हसला. शिवकन्याच्या मनातून तो उतरला तो त्या क्षणापासून.

शहादेवची शेड हायवेच्या तिठ्यावर होती, पण तिथं आधीच दोन गाड्या उघड्या पडलेल्या. म्हणून तो घरी येऊन काम करत होता. लिंबाखाली, ओट्यासमोर, स्वयंपाकघराच्या दारातून सरळ दिसेल अशी ती उघडी चेसी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली. त्यामुळे शिवकन्याला सगळं दिसत होतं. आणि बघत राहणं हा तर तिचा जुना रोग. बीडच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना परीक्षानळीतलं पाणी रंग बदलेपर्यंत पापणी न हलवता बसायची. आरोही झाल्यापासून ती त्याच डोळ्यांनी जगाकडे बघत होती, की आता यातून माझ्या पोरीला काय होणार.

मिस्त्रीनं हातोडी मारली की भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा गंजाचा पापुद्रा सुटून खाली पडायचा. तव्यावरची भाकरी फुगली की शिवकन्याला तोच दिसायचा. तिचं जेवण अर्ध्यावर आलं.

आरोही नुकती पाय टाकायला लागली होती. समोर येईल ती वस्तू आधी तोंडात घालायची आणि मग ठरवायची, की ही काय आहे. शिवकन्या चुलीवरचं दूध उतरवून वळते तोच पोर चेसीखाली बसलेलं, गाल फुगलेले, हनुवटीवरून तपकिरी लाळ गळतेय. शिवकन्यानं झेप घातली, बोट घालून गाल कोरला. लोखंडाचा नखाएवढा पापुद्रा निघाला, त्याला लोकरीचा एक ओला केस चिकटलेला.

"आत्या, बघा ना! काय खाल्लंय बघा हिनं!"

तिच्या सासूनं, भामाबाईंनी, ओट्यावरूनच मान वर केली. "माती खातीच की रोज. लोखंड खाल्लं तर रगत वाढल."

"आत्या, हे लोखंड नाही. हे मूत आहे वाळलेलं."

"आपल्याच मेंढराचं हाय," सासूबाई म्हणाल्या, जणू त्यानं फरक पडतो.

शिवकन्यानं पोरीचं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, स्वतःचं बोट साबणानं घासलं. तरी रात्री तेच बोट नाकाजवळ आलं की तोच वास.

पण वास एक वेळ सहन झाला असता. तिला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. गाडी नवी होऊन निघाली की तिची पहिली खेप देवाची, हा घरचा रिवाज. आणि यंदा त्या खेपेला आरोहीचं जावळ. तारीख ठरली होती, भावकीला फोन गेले होते. हौद्यात सगळी माणसं, बायका, पोरं, दोन बोकडं, केबिनमध्ये मांडीवर आरोहीला घेऊन शिवकन्या, आणि गाडी घाट उतरून पलीकडच्या बिरोबाच्या माळाला. घाटातली वळणं तिला पाठ होती. आता डोळे मिटले की तिला ती वळणं दिसायची आणि खाली ही पापुद्रे सुटलेली चेसी.

शहादेवनं ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासायला घेतलं तेव्हा मात्र तिला जरा बरं वाटलं. ठिणग्या उडत होत्या, लाल धूळ उडत होती, ओट्यावरची भांडी, वाळत घातलेली दुपटी सगळं तांबडं झालं होतं, पण खालून पांढरं लोखंड निघत होतं. स्वच्छ, चकचकीत. या सगळ्या पसाऱ्यात स्वच्छ म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट.

आणि तेवढ्यात मिस्त्रीनं गालातला गुटखा एका बाजूला घेतला, वाकला, आणि त्याच पांढऱ्या लोखंडाच्या पन्हळीत पच्चकन थुंकला.

लाल थुंकी पन्हळीतून ओघळत मागच्या चाकापर्यंत गेली. शिवकन्या दारात आली.

"मिस्त्री, खाली जमीन काय कमी पडली?"

"आं?" शहादेवला प्रश्नच कळला नाही. त्याच्या हिशेबी पन्हळ ही थुंकायलाच केलेली. "वहिनी, वरून लाल रंगच मारायचाय. लालात लाल."

"मग आजच मारा. घासलेलं लोखंड उघडं राहिलं की दमट हवेनं रात्रीत गंज धरतं."

"लोखंड हाय ते, वहिनी. भाजी न्हाई, रातीत नासायला. थिनर सपलंय. उद्या बीडहून आणतो, मग बघा कसा हात मारतो."

पावसाळा सरत आला होता, पण हवा ओल्या फडक्यासारखी. दोरीवरची दुपटी दोन-दोन दिवस वाळत नव्हती. शिवकन्या बोलणार होती, पण तेवढ्यात मेंढरं आली.

सासरे धुळाजी काठी टेकत पुढं, मागून कळप. रोज मेंढरं घरामागच्या वाघरात, जाळीच्या कोंडवाड्यात जायची. आज धुळाजींनी ती तिकडं वळवलीच नाहीत. वाघराची जाळी त्यांनी लिंबाच्या भोवती, म्हणजे चेसीच्या भोवती फिरवायला घेतली.

"मामा, इथं कशाला?"

"बसवायची हायत." धुळाजी सहज म्हणाले. "ज्या रानात मेंढरं बसली ते रान पिकतंय. लोकं घरी येऊन हात जोडतेत, आमच्या रानात एक रात मेंढरं बसवा म्हणून. आन् आपल्या गाडीला न्हाई व्हय?"

"मामा, रान वेगळं, लोखंड वेगळं. रान ज्यानं पिकतं ना, लोखंड त्यानंच सडतं. इतकी वर्षं त्यानंच तर सडलंय."

म्हातारा थांबला. रागावला नाही, ते जास्त वाईट. "पोरी, ह्या मेंढरांनी ही गाडी घेतली. सोमनाथनं न्हाई, मी न्हाई. गाडीचा नवा जलम होतोय, तर त्येंचे पाय लागू दी तिला."

ती सोमनाथकडे वळली. त्यानं मान हलवली. "जाऊ दे की. म्हाताऱ्याचं मन हाय. एका रातीनं काय होतंय."

धुळाजींनी मूठभर भंडारा उधळला. पिवळा धुरळा त्या चकचकीत लोखंडावर बसला. मेंढरं चेसीखाली शिरली, तिला अंग घासू लागली, आणि पहिलीनं शेपूट वर केलं.

सकाळी शिवकन्या दार उघडून बाहेर आली आणि तिथंच उभी राहिली. काल आरशासारखी असलेली चेसी नारिंगी झाली होती. अख्खी. वर भंडाऱ्याचे ओले डाग, कोपऱ्याकोपऱ्यात लोकरीचे पुंजके, गर्डरच्या काठावर ओळीनं लेंड्या, आणि एका जागी कुठल्याशा मेंढरानं नाक पुसलेलं, त्याची तार खाली लोंबत होती. वाऱ्यानं ती हलत होती. शिवकन्यानं तोंडावर पदर धरला आणि ओट्याच्या मागं जाऊन ओकली.

"पुन्हा दिवस गेले का काय?" सासूबाईंनी आशेनं विचारलं.

"नाही, आत्या. किळस आली."

शहादेव थिनर घेऊन उगवला. चेसीकडे बघून त्यानं डोकं खाजवलं, मग हसला. "म्हणलं नव्हतं, लालात लाल? आधीच निम्मं काम झालंय." फडक्यानं लेंड्या झटकल्या, अर्ध्या पडल्या अर्ध्या पसरल्या, आणि गंजावरूनच त्यानं रेड ऑक्साइडचा ब्रश फिरवायला घेतला. परत घासणं नाही, धुणं नाही. एक लेंडी आडव्या पट्टीच्या कोपऱ्यात राहिली होती, ती तशीच रंगली. छान, गोल, लाल.

शिवकन्या आरोहीला कडेवर घेऊन बघत राहिली. आणि बघत राहिली म्हणूनच तिला पुढचं दिसलं.

मागच्या चाकाच्या वर, जिथं पाटे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा, गर्डरला जोडतात, तिथं मिस्त्री थांबला. ब्रश खाली ठेवला. अंगठ्यानं लोखंड दाबून बघितलं. मग इकडं-तिकडं नजर टाकली, डब्यातून लांबी काढली, ती करडी मळलेली पुट्टी, दारं-खिडक्यांची भोकं बुजवायला वापरतात ती, आणि अंगठ्यानं दाबून दाबून भरली. बरीच भरली. पत्र्याच्या पट्टीनं सपाट केली. वर लाल रंगाचे दोन हात मारले. झालं. भोक नाही, काही नाही.

दुपारी माणसं जेवायला बसली तेव्हा शिवकन्या उलथनं घेऊन चेसीजवळ गेली. पुढून सुरुवात केली. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. बाजारात कलिंगड वाजवून बघतात तशी ती एकेक टिचकी देत मागं सरकत गेली. मागच्या चाकाच्या वर आली आणि उलथनं वाजलंच नाही. भद्द. ओल्या लाकडावर मारावं तसं. दुसऱ्या बाजूचा गर्डरही तिथंच भद्द.

रात्री सोमनाथ हात धुऊन आत आला तसं तिनं विचारलं.

"अहो, मागच्या पाट्यांच्या वर लोखंड पोकळ झालंय. मिस्त्रीनं लांबी भरलीय त्यात."

"तू कावून गेलतीस तिकडं?"

"पोरगी बसणार आहे त्या गाडीत, म्हणून गेले होते."

सोमनाथ टॉवेलनं हात पुसत राहिला. हात कोरडे झाले होते तरी. "शहादेव काय आजचा मिस्त्री हाय का? त्यो बघतो ना. समद्या भावकीला फोन गेलेत. आता चेसी कापायची म्हणलं तर तारीख गेली. आन् काय सांगायचं लोकाला? बायकोनं उलथनं वाजवून गाडी नापास केली?"

तो हे सगळं टॉवेलकडे बघून बोलत होता. एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. तेवढ्यावरून शिवकन्याला कळलं, की यालाही माहीत आहे. भोक बघून, बोलून, ठरवून मगच लांबी भरलेली आहे.

आजवर तिला किळस यायची ती वासाची, थुंकीची, लेंड्यांची. त्या धुऊन तरी जातात. समोर उभ्या असलेल्या या माणसाच्या स्वच्छ धुतलेल्या हातांची किळस आली, तेव्हा ती कुठं धुवायची हे तिला कळेना. तिनं आरोहीला उचललं आणि सासूजवळ जाऊन झोपली.

हौदा दुसऱ्या दिवशी चढणार होता. एकदा वर फळ्या बसल्या की चेसी परत कुणाच्या दृष्टीस पडायची नाही. त्या दिवशी शिवकन्या सकाळपासून ओट्यावर बसून होती. डोक्यात नुसतं चक्र. भांडावं तर कुणाशी? बी.एस्सी. ऐकवली की घरात सगळे हसायचे. "शिवकन्या, ह्या दुधाचा फारमुला काय गं?" म्हणून सासराच चेष्टा करायचा. माहेरी फोन करावा तर आई म्हणणार, देवाची खेप आहे, अभद्र बोलू नको.

ओट्याच्या खाली भामाबाई एका लंगड्या मेंढीला उताणी पाडून, गुडघ्यात दाबून बसल्या होत्या. पावसाळ्यात चिखलानं मेंढरांचे खूर सडतात. त्यांच्या हातात वाकडी धारदार सुरी. त्यांनी खुराचं टोक कापलं आणि वास सुटला. शिवकन्यानं श्वास कोंडला. तोच वास. फळ्या उचकटल्या तेव्हाचा.

"काय तोंड वाकडं करतीस? पाय धर तिचा."

शिवकन्यानं दोन बोटांनी पाय धरला. सासूबाई नाक अगदी खुराला लावून कोरत होत्या. पिवळा, करडा लगदा सुरीच्या टोकावर यायचा, तो त्या मातीला पुसायच्या आणि पुन्हा कोरायच्या.

"पुरे ना आत्या. औषध लावा आता."

"वरून औषिध लावणारे लई हायत." सासूबाईंची सुरी थांबली नाही. "वर खपली, आत किडे. कुजकं समदं काढायचं, तांबडं रगत दिसंस्तोर. मग वाळवायचं. मग तेल. तवर हिला वल्यात बसू द्यायची न्हाई. माझ्या आईनं शिकिवलंय."

शिवकन्याचा हात मेंढीच्या पायावर तसाच राहिला. तिनं हळूच विचारलं, "आत्या, हे न कापता वरून नुसता रंग मारला तर?"

"रंग?" भामाबाईंनी मान वर केली. "येडी का खुळी तू? जनावर दरडीवरून खाली यील की."

"मग जरा माझ्याबरोबर या. सुरी घेऊन या."

सासूला तिनं चेसीपाशी आणलं आणि मागच्या चाकाच्या वर बोट ठेवलं. "इथं. दाबा."

"गाडीत सुरी? आज हौदा चढायचाय, पोरी."

"दाबा, आत्या. मेंढी असती तर दाबली असती ना?"

भामाबाईंनी सुनेकडे बघितलं. मग सुरीचं टोक लाल रंगावर ठेवून दाबलं. लोखंडावर अडावी तशी अडली नाही. खुरात गेली तशी गेली, मुठीपर्यंत. त्यांनी हात फिरवला आणि लांबीचा वाटीएवढा गोळा निसटून खाली पडला. भोकातून आधी चिखल आला, मग तपकिरी पाणी, मग लोकरीचा एक गुंता, लेंड्यांचं पीठ, आणि त्यात लाल तार, मिस्त्रीची थुंकी. सगळं संथपणे ओघळत पाट्यावर आलं.

ज्या बाईनं आत्ता सडक्या खुराला नाक लावलं होतं, तिनं पदर नाकाला लावला.

"अगं बया! हिचा खूर सडलाय की गं!"

मग त्यांनी जो आवाज दिला तो रस्त्यापर्यंत गेला. "ओ! इकडं या! आधी इकडं या!"

धुळाजी काठी टाकून धावले. रस्त्याकडेला चहा पीत बसलेले सोमनाथ आणि शहादेवही उठून आले. शहादेवनं भोक बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, काय केलं हे! रंगलेल्या गाडीत सुरी खुपसली? अपशकुन केला देवाच्या खेपंला!"

"मी काय केलं? तू झाकलंस ते उघडं केलं."

"सगळीकडं असंच करतेत, मावशी. वर पट्ट्या येतेत, बोल्ट येतेत. दिसत बी न्हाई."

"न दिसंना. जनावर लंगडायचं थांबतं का?"

धुळाजी पुढं आले. वाकले, भोकात दोन बोटं घातली, फिरवली, बाहेर काढून नाकाशी नेली. शिवकन्यानं नजर काढली नाही. म्हातारा तो वास ओळखणार हे तिला माहीत होतं. शंभर मेंढरांतून आजारी मेंढरू वासावर काढणारा माणूस.

"आपल्याच मेंढराचं मूत हाय," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. मग तो चढला. "शहादेव, तुला हे दिसलंतं का न्हाई?"

शहादेवनं गालातला गुटखा या बाजूचा त्या बाजूला नेला. "दिसलंतं. पर सोमनाथच म्हणला, तारीख जवळ आलीय, सध्या बुजव, दिवाळीनंतर बघू."

सगळे सोमनाथकडे वळले. तो पायानं जमीन उकरत उभा. "आबा, लोकाला फोन गेलते..."

"फोन!" धुळाजी ओरडले, कळप बुजला. "लंगडं मेंढरू धडधाकट म्हणून आजपतोर बाजारात इकलं न्हाई म्या. कसायाला सुदिक सांगून इकलं. आन् तू माझी नात लंगड्या गाडीत घालून घाट उतरणार, बे? देवाला दावायला?"

"आबा, अवघी सात-आठ कोसांची खेप..."

"पडायला किती कोस लागतेत?"

शिवकन्याला वाटलं होतं, हे सगळं उघड झालं की आपल्याला मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ती त्या भोकाकडेच बघत होती. त्यातून अजून थेंब गळत होता.

"जावळ पुढं ढकला," धुळाजींनी निकाल दिला. "पोरीचे केस काय पळून जात न्हाईत. काप, शहादेव. रगत दिसंस्तोर काप." मग सुनेकडे न बघताच म्हणाले, "आन् मेंढरं मी बसिवणार म्हंजे बसिवणार. पर रंग वाळल्यावर. आन् वाऱ्याच्या खालच्या अंगाला."

ही माफी होती की धमकी, शिवकन्यानं विचारलं नाही. तिनं फक्त विचारलं, "किती लांब, मामा?"

"तू म्हणशील तिथं, माझी आई," म्हातारा वैतागून म्हणाला.

त्या संध्याकाळी सोमनाथनं एकेका घरी फोन केला. प्रत्येकाला तेच सांगत होता, मुलीला जरा बरं नाही, म्हणून खेप पुढं ढकललीय. आरोही शेजारीच वाटी बडवत होती, ठणठणीत. शिवकन्यानं ते ऐकलं आणि पाठ फिरवून भाकऱ्या थापत राहिली. सहाव्या का सातव्या फोनला भामाबाई ओट्यावरून ओरडल्या, "गाडीला बरं न्हाई म्हण! माझ्या नातीच्या नावानं खोटं बोलशील तर बघ!" पुढच्या फोनला त्यानं गाडीला बरं नाही म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस हसल्याचं ओट्यापर्यंत ऐकू आलं.

दोन्ही बाजूंचं कुजकं लोखंड कापलं. जिथं ठण्ण वाजलं तिथं कापणं थांबलं. वाजवायला उलथनं शिवकन्याचंच. नवा जाड पत्रा बसवून वेल्डिंग झालं. मग सगळी चेसी परत घासली, तीही नारिंगी आणि लाल दोन्ही जाईपर्यंत. रंगलेली लेंडी शिवकन्यानं स्वतः चिमट्यानं उचकटून काढली. या वेळी थिनर आधी आलं, घासणं नंतर. घासून झालं ती वेळ दुपारची, आणि ऊन उतरायच्या आत पहिला हात मारून झाला. मेंढरं ओढ्याच्या पलीकडं.

राहिली ती जुन्या आणि नव्या पत्र्याच्या मधली फट. तिथं ब्रश जात नव्हता. रंग वाळल्यावर त्या फटीत इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चोपडायचं, म्हणजे पाणी असो का मूत, लोखंडाला भिडत नाही. पण शहादेवचा हात ओंडक्यासारखा, मनगटाशीच अडकला. सोमनाथचाही कोपरापाशी थांबला. धुळाजींनीही हात घालून बघितला आणि मग सगळ्यांचे डोळे नकळत शिवकन्याच्या मनगटाकडे वळले.

"वरवर लागलंय की, ऱ्हाऊ द्या," शहादेव म्हणाला.

'ऱ्हाऊ द्या' ऐकलं आणि शिवकन्या उठली. भामाबाईंनी तिच्या हिरव्या बांगड्या दंडापर्यंत सारून वर चिंधी बांधली. काळ्या ऑइलमध्ये फडकं बुडवून तिनं हात आत घातला. बोटं, मनगट, कोपर. आत अंधार, आणि काय काय हाताला लागत होतं. वेल्डिंगचे खडे. ऑइल थंड, शेंबडासारखं, बगलेच्या दिशेनं हळूहळू वर चढत होतं. एका कोपऱ्यात काहीतरी मऊ. ती थांबली. लोकर असेल, तिनं स्वतःला सांगितलं. लोकर नव्हती. तिनं ते नखांनी खरवडलं, बाहेर काढलं, न बघता टाकलं, आणि फडकं पुन्हा बुडवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं.

ती बाहेर आली तेव्हा हात खांद्यापर्यंत काळा, पदर काळा, गालावर काळं. आरोही हात पसरून दुडुदुडु आली, दोन पावलांवर थांबली, नाक आक्रसलं आणि रडत आजीकडे पळाली.

"बघितलं?" भामाबाई नातीला उचलत म्हणाल्या. "हिला बी आता वास कळाया लागला."

शिवकन्यानं मातीनं हात घासले, मग राखेनं, मग कपड्याच्या साबणानं. वास गेला नाही. तो आठवडाभर जायचा नाही, हे तिला आता माहीत होतं. आठवडाभर पोरीला डाव्या हातानं भरवायचं. तिनं उलथनं उचललं आणि पुढून मागंपर्यंत दोन्ही गर्डर वाजवत गेली. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. मागच्या चाकाच्या वर आली. ठण्ण.

शहादेव त्याच्याच शेजारी उभा होता. गाल फुगलेला. काम संपल्याच्या समाधानात तो पन्हळीवर वाकला.

"मिस्त्री."

त्यानं मान वर केली. समोर काळ्या हातात उलथनं.

"गिळा."

शहादेवनं सोमनाथकडे बघितलं. सोमनाथनं आभाळाकडे बघितलं. ओट्यावर भामाबाई नातीला थोपटत होत्या, त्यांचा हात थांबला होता.

शहादेवच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

त्या घोटाची चव शिवकन्याच्याही जिभेवर आली. पण तिनं नजर काढली नाही. सगळं खाली उतरेपर्यंत ती बघत राहिली.